दवबिंदूला पाप लागते का?

आषाढ मध्यावर आला की जैन साधू-साध्वी चालणे थांबवतात. वर्षाचे आठ महिने अनवाणी गावोगाव फिरणारी ही माणसे पुढचे चार महिने एकाच ठिकाणी मुक्काम करतात. पावसाने जमिनीवर इतके जीव उगवलेले असतात, की पाऊल टाकले तरी कोणी ना कोणी चिरडले जाते. बौद्ध भिक्खूंचा वर्षावासही याच विचारातून आला. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची हकीकत आहे: भिक्खू भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि बुद्धाने पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. माळकरी घरांतही आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगी बंद होतात. धर्म कोणताही असो, या देशात पावसाळा हा हात आवरण्याचा काळ आहे.

नेमका याच काळात दवबिंदू शिकारीला बसतो.

कासच्या पठारावर, कोकण-गोव्याच्या सड्यांवर आणि दख्खनमध्ये जिथे रेताड, मुरमाड जमिनीतून पाणी झिरपत राहते तिथे ही वनस्पती पावसाबरोबर उगवते आणि पाणी आटले की संपते. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. जगात तिच्या सुमारे अडीचशे जाती आहेत. भारतात मुख्यतः तीन सांगितल्या जातात: उभी वाढणारी, गवतासारख्या अरुंद पानांची ड्रॉसेरा इंडिका, डोंगराळ भागातली ड्रॉसेरा पेल्टाटा, आणि जमिनीला घट्ट चिकटून बसलेली, नाण्याएवढी ड्रॉसेरा बर्मानी. मातीत नत्र नाही, स्फुरद नाही, मुळे दुबळी, अशा जागी इतर झाडे तग धरत नाहीत. दवबिंदू तिथे टिकतो, कारण मातीने न दिलेले तो कीटकांच्या शरीरातून घेतो.

बर्मानीचे एक पान जवळून पाहावे. पाचरीच्या आकाराच्या त्या पानावर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक नितळ थेंब. दुपारच्या उन्हातही तो वाळत नाही. एखाद्या मुंगीचा पाय त्याला लागतो. ती पाय ओढते तेव्हा थेंबाची तार निघते, पण तुटत नाही. सुटण्यासाठी दुसरा पाय टेकवावा, तर तिथेही थेंबच. जितकी धडपड, तितके जास्त केस अंगाला लागतात. पानाच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात आणि तिला पानाच्या मध्याकडे लोटतात. कीटक श्वास घेतात तो अंगावरच्या बारीक छिद्रांतून. चिकट द्रव त्या छिद्रांत शिरला की मुंगी गुदमरते. मग केसांच्या टोकांतून पाचक रस पाझरू लागतो आणि शरीरातला मऊ भाग विरघळून पानात शोषला जातो. काही दिवसांनी केस पुन्हा सरळ होतात. वर एक पोकळ कवच उरते, ते वाऱ्याने उडून जाते आणि पान पुन्हा थेंब धरते.

ही हत्या आहे का? असेल, तर ती कोणी केली? आणि ज्याने केली त्याला तिचे काही लागते का?

हे प्रश्न इचोड्यासारख्या गावात विचारण्याजोगे आहेत. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग 44 वर हे मंडलाचे गाव लागते. राज्य तेलंगणाचे, पण बाजारात तेलुगूबरोबर मराठी, गोंडी, उर्दू आणि बंजाऱ्यांची बोली कानावर पडते. पूर्वी हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवटचा भाग मुंबई राज्यात गेला. पैनगंगा, सोयरिकी आणि देव मात्र दोन्हीकडचे राहिले. सीमेपलीकडे माहूर, म्हणजे दत्ताचे आणि रेणुकेचे स्थान, महानुभावांचेही तीर्थ. अलीकडे इंद्रवेल्ली मंडलातले केस्लापूर, जिथे मेश्राम कुळाचे गोंड दर पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरवतात. त्याच जिल्ह्यात बाबासाहेबांच्या मागे बुद्धाकडे गेलेली मराठी घरे आहेत. आणि चहूकडे कापूस. जीव घेणे आणि जीव राखणे याबद्दलच्या या देशातल्या जवळजवळ सगळ्या भूमिका येथून दिवसभराच्या अंतरात भेटतात.

युरोपात किडे खाणाऱ्या झाडांनी धर्मविचाराला मोठा धक्का दिला. वनस्पतींना नावे देण्याची आजची पद्धत रूढ करणारे कार्ल लिनियस यांना अमेरिकेतल्या व्हीनस फ्लायट्रॅप या झाडाचे वर्णन 1769 च्या सुमारास कळवण्यात आले. झाडाने प्राणी खावा हे त्यांच्या मनाला पटेना, कारण देवाने लावलेल्या क्रमात झाडे प्राण्यांसाठी होती, प्राणी झाडांसाठी नव्हते. पुढे 1860 साली चार्ल्स डार्विन यांच्या आयुष्यात दोन गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने घडल्या. मे महिन्यात त्यांनी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिले. जिवंत अळीच्या शरीरात आपली पिल्ले वाढवणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या असतील, यावर आपला विश्वास बसत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच उन्हाळ्यात ससेक्सच्या ओसाड माळावर त्यांना दवबिंदूच्या पानांवर किड्यांची गर्दी दिसली. नोव्हेंबरपर्यंत हे रोप त्यांच्या मनात इतके भरले, की जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा सध्या आपल्याला ड्रॉसेराची अधिक काळजी आहे, असे त्यांनी चार्ल्स लायेल या मित्राला कळवले. पंधरा वर्षे प्रयोग करून 1875 मध्ये त्यांनी कीटकभक्षक वनस्पतींवरचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्या प्रयोगांत एक गोष्ट विलक्षण आहे. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका असा माणसाच्या केसाचा तुकडा पानावरच्या एका केसावर ठेवला, तरी तो केस वाकला. पावसाचे टपोरे थेंब पडले तर मात्र वाकला नाही. काचेचा कण ठेवला तर केस वळले आणि लवकरच उघडले. मांसाचा कण ठेवला तर कित्येक दिवस मिटून राहिले. म्हणजे काय स्पर्शले आणि त्याचे काय करायचे, याचा निवाडा हे रोप करते. मज्जातंतू नसताना करते. त्याच्या केसांतून विजेचे संदेश धावतात, हे 1970 च्या दशकात मोजूनही दाखवण्यात आले.

भारतीय परंपरेला हे ऐकून लिनियससारखा धक्का बसला नसता. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा एक संवाद आहे. भरद्वाज शंका काढतो: झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, वास घेत नाहीत, त्यांना स्पर्श कळत नाही, मग ती पंचमहाभूतांची बनलेली कशी म्हणायची? भृगू एकेक निरीक्षण पुढे ठेवतो. उष्णतेने पान, साल, फळ कोमेजते, म्हणजे झाडाला स्पर्श आहे. मेघांच्या गडगडाटाने फुले-फळे गळतात, म्हणजे ऐकणे आहे. वेल आधाराकडे वळत जाते, वाट न दिसणाऱ्याला ते जमले नसते. धूपाच्या वासाने रोगट झाड सुधारते. मुळे पाणी पितात. छाटलेले झाड पुन्हा फुटते. या सगळ्यावरून झाडांना सुखदुःख आहे, ती अचेतन नाहीत, असे तो ठरवतो. यातली काही निरीक्षणे आज टिकणार नाहीत. पण झाडाला जीव आहे की नाही हे वचनाच्या जोरावर न ठरवता पान कसे वागते ते पाहून ठरवायचे, ही भृगूची रीत डार्विनच्या रीतीपासून फार लांब नाही. दवबिंदू भृगूच्या पाहण्यात आला असता, तर भरद्वाजाला पहिल्याच उत्तरात गप्प बसावे लागले असते.

खाण्याचा प्रश्नही आपल्याकडे उघडपणे मांडलेला आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतो, की हात नसलेले हात असलेल्यांचे अन्न होतात, पाय नसलेले चार पायांच्यांचे, आणि एका जिवावरच दुसरा जीव जगतो. वनपर्वातला धर्मव्याध तर मिथिलेचा मांस विकणारा. तो कौशिक ब्राह्मणाला सुनावतो, की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, धान्याचे बी हाही जीवच, आणि हिंसा न करता जगणारा या जगात कोणी नाही. ही वाक्ये पुष्कळदा सुटका करून घेण्यासाठी वापरली जातात. सगळेच खातात, मग आमचेच काय, असा सूर त्यातून निघतो. धर्मव्याधाचे म्हणणे मात्र तिथे थांबत नाही. जीव घ्यावाच लागतो हे मान्य करून तो कमीत कमी घेण्याची, घेतल्याची जाण ठेवण्याची आणि आईबापांची सेवा करत राहण्याची गोष्ट बोलतो. दवबिंदूला यातले काहीच लागू नाही. त्याला कमी-जास्त ठरवता येत नाही. आला तो अडकला.

म्हणून खरा पेच जैन आणि बौद्ध विचारांत उभा राहतो. तिथे प्रश्न कर्माचा आहे.

जैन शास्त्रात वनस्पती म्हणजे एकेंद्रिय जीव. पाच इंद्रियांपैकी एकच त्यांच्याकडे असते, ते म्हणजे स्पर्श. मन नसते, म्हणून ते असंज्ञी. दवबिंदूचे याहून चपखल वर्णन सापडणे कठीण: तो स्पर्शावर जगतो आणि स्पर्शानेच मारतो. आता उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या पाहिली, तर प्रमादाने, म्हणजे असावध आणि विकारवश अवस्थेत प्राण हरणे म्हणजे हिंसा. मन नसलेल्याला प्रमाद कसला? तर दवबिंदू सुटला, असे वाटते. पण सूत्रकृतांग या प्राचीन आगमग्रंथाच्या दुसऱ्या भागात नेमका हाच आक्षेप घेतलेला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, ज्याच्याकडे मन नाही, वाणी नाही, हेतू नाही, ज्याला स्वप्नही पडत नाही, त्याला पाप कसे लागेल? उत्तरात एका मारेकऱ्याचा दृष्टांत येतो. एखाद्याने कोणाला मारायचे ठरवले आहे. संधी मिळाली की मारायचे. तो दिवसा असो की रात्री, झोपलेला असो की जागा, संधी मिळेपर्यंत तो त्या माणसाचा मारेकरीच असतो. त्याचप्रमाणे ज्या जिवाने हिंसा सोडण्याचे व्रत घेतलेले नाही, तो सगळ्या जिवांच्या बाबतीत सदैव मारेकऱ्याच्याच जागी आहे, त्याला मन असो वा नसो.

हा दृष्टांत वाचताना ते थेंब डोळ्यांपुढे येतात. दिवसरात्र, झोप-जाग यांचा भेद नसलेले, कोणावरही विशेष वैर नसलेले, आणि तरी कायम मांडून ठेवलेले. जैन विचाराची कठोरता इथे दिसते. आपण काही केले नाही म्हणजे आपण निर्दोष, असे तो मानत नाही. न सोडलेली हिंसा चालूच असते.

बुद्धाचे उत्तर दुसऱ्या टोकाला आहे. अंगुत्तर निकायात तो चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच कर्म म्हणतो. मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात याच मुद्द्यावर निर्ग्रंथांशी, म्हणजे जैनांशी वाद आहे: शरीराने घडलेले मोठे की मनाने घडलेले? बुद्ध मनाच्या बाजूने बोलतो. चेतना नाही तिथे कर्म नाही. भिक्खूंनी झाडे तोडू नयेत असा नियम त्याने केला खरा, पण झाडात जीव आहे ही लोकांची धारणा, हे त्या नियमाचे एक कारण विनयात दिलेले आहे. या विचाराने दवबिंदूवर काहीच येत नाही. मुंगी मेली, पण कोणी मारली नाही.

या दोहोंत कोणाचे म्हणणे दवबिंदूला अधिक लागू पडते, याचे उत्तर बुद्धाच्या बाजूने द्यावे लागते. रोपाला व्रत घेण्याची शक्यताच नसेल, तर न घेतल्याचा दोष त्याच्यावर ठेवणे हे नीतीच्या शब्दांत मावत नाही. पण जैन दृष्टांताची धार कमी होत नाही. सूत्रकृतांग बोलते ते ऐकू शकणाऱ्याशी, आणि ऐकू शकणारा माणूसच आहे. पानावर थेंब मांडून बसलेला जीव आणि हिंसेची सगळी साधने जय्यत ठेवून आपण कोणाला मारले नाही म्हणणारा माणूस, यांत दुसऱ्याकडे पर्याय होता.

इथे वनस्पतिशास्त्रातली अलीकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. पानाला अळीने चावा घेतला की बहुतेक झाडांत जॅस्मॉनिक आम्लाच्या गटातले संदेशद्रव्य तयार होते आणि झाड बचावाला लागते: कडू रसायने, अळीचे पचन बिघडवणारी द्रव्ये, बुरशीचे कवच फोडणारी विकरे. कपाशीचे झाडही असेच करते. दवबिंदूच्या पानात मुंगी अडकते तेव्हा हेच संदेशद्रव्य वाढते आणि त्याच्या इशाऱ्यावर केस वळतात, पाचक रस सुटतात. मुळात स्वतःला वाचवण्यासाठी असलेली यंत्रणा इथे दुसऱ्याला खाण्यासाठी वापरली गेली. स्वसंरक्षण आणि हिंसा यांच्यात नीतिशास्त्र जी रेघ ओढते, ती पानाच्या आत कुठेच सापडत नाही. ती माणसाने ओढलेली आहे, आणि यात तिचा कमीपणा नाही. निसर्गात तयार मिळाली असती, तर माणसाला तिच्यासाठी काही करावे लागले नसते.

दक्षिण आफ्रिकेतले रोरिडुला हे झुडूप प्रश्न आणखी गुंतवते. त्याची पाने राळेने चिकट असतात, किडे अडकून मरतात, पण झाडाकडे पाचक रस नाहीत. त्याच्यावर पॅमेरिडिया नावाचे ढेकूण वावरतात. ते न अडकता फिरतात, अडकलेल्या किड्यांना शोषतात आणि त्यांची विष्ठा पानावर पडते. त्या विष्ठेतले नत्र झाड घेते. मारणारा एक, खाणारा दुसरा, आणि लाभ शेवटी पहिल्याला. कर्माचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही शास्त्रकाराने या झुडपापुढे थोडे थांबावे.

आदिलाबादच्या मुलखात परत यायचे, तर इथल्या लोकांनी या प्रश्नाला ग्रंथांच्या बाहेरही उत्तरे दिली आहेत. इचोड्याशेजारच्या नेरेडिगोंडा मंडलात कडेम नदीवर कुंतला धबधबा आहे. दुष्यंताच्या शकुंतलेवरून त्याला हे नाव पडले, असे लोक सांगतात. कालिदासाच्या नाटकाचा आरंभच शिकारीने होतो: राजाचा बाण हरणावर रोखलेला आणि आश्रमातला तपस्वी मध्ये येऊन त्याला थांबवतो. त्याच नाटकातली शकुंतला झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नाही आणि नटण्याची हौस असून पालवी खुडत नाही. माहूरला मानणाऱ्या महानुभावांच्या लीळाचरित्रात शिकारी आणि ससा यांची लीळा आहे. पाठलागातून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. शरण आलेल्याला ते देत नाहीत, आणि शिकाऱ्यांनाच शिकार सोडायला लावतात. दोन्ही गोष्टींत हिंसा थांबते, कारण मध्ये कोणीतरी उभा राहतो. मुंगी आणि दवबिंदू यांच्या मध्ये कोणी उभे राहावे का? पाहणाऱ्याने काडीने मुंगी सोडवली तर रोप उपाशी. न सोडवली तर मुंगी गेली. चक्रधरांची करुणा आणि त्या पानाची गरज एका तराजूत घालता येत नाहीत, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे.

केस्लापूरचे उत्तर वेगळे आहे. मेश्राम कुळाचे लोक जत्रेआधी पायी गोदावरीवर जाऊन पाणी आणतात आणि त्याने नागोबाची पूजा करतात. ज्या रानात साप चावून माणूस मरतो, त्याच रानातल्या लोकांनी सापाला देव मानले. देवाने निरुपद्रवी असले पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. डार्विनला छळणारा प्रश्न, दयाळू देवाने हे का घडवले, हा असा देव मानणाऱ्यांना त्या रूपात पडायचे कारणच नव्हते.

आता दवबिंदू वाढवण्याबद्दल, कारण घरात ठेवला की हे सगळे खिडकीतल्या कुंडीत येऊन बसते. हे रोप रानातून उपटून आणू नये. ते क्वचितच जगते आणि तिथली बीजाची साखळी तुटते. रोपवाटिकेत प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे आणि बी मिळते. बर्मानीचे बी धुळीइतके बारीक. ते मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये. काळी माती, शेणखत, गांडूळखत यातले काहीही चालत नाही. धुतलेले कोकोपीट आणि स्वच्छ जाड वाळू पुरते. सगळ्यात महत्त्वाचे पाणी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रोप मरते, म्हणून पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी ताटलीत ओतून कुंडी त्यात उभी ठेवायची. काही तास थेट ऊन हवे; ऊन कमी पडले की केसांची लाली जाते आणि थेंब आटतात. मौजेखातर केसांना बोट लावू नये, वळण्यात रोपाची शक्ती जाते. बर्मानी आपोआप फलते, एका हंगामात बी देते आणि संपते. एरवी खत म्हणून जे लाडाने घालायचे, ते सगळे इथे विष ठरते. कमी देणे हीच याची मशागत.

मग खाऊ घालायचे का? कीटक मिळाले नाहीत तरी रोप जगते, पण कष्टाने. डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस याने 1878 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला: मांसाचे कण दिलेल्या दवबिंदूंना न दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त फुले आणि बिया आल्या. काही जण चिमट्याने जिवंत माशी धरून पानावर ठेवतात. इथे मात्र रेघ ओढायला हवी. खिडकी उघडी ठेवली आणि चिलट आले, तर ते रोपाचे आणि चिलटाचे नाते आहे. माशी पकडून ठेवणे ही माणसाची निवड आहे, आणि त्यात बघण्याची मौज मिसळलेली असते. मेलेला डास ठेवला तरी पान त्याला ओळखते आणि पचवते, कारण त्याला रसायनाची खूण पुरते. माशांच्या खाद्याचा ओला कणही चालतो. तेही माशांपासूनच बनते, पण पाहण्यासाठी कोणाला तडफडवले असे होत नाही. जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांतला हा फरक आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना तोच मध्यवर्ती ठेवला. गरजेपोटी मारणे आणि केवळ मारण्याच्या इच्छेने मारणे यांत ते भेद करतात, आणि अहिंसेला आंधळा नियम न मानता माणसाने विवेकाने वापरायचे तत्त्व मानतात. दवबिंदूकडे गरज आहे, इच्छा नाही. माणसाकडे दोन्ही आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात.

इचोड्याच्या आसपास ही सरमिसळ कपाशीच्या वावरात दिसते. काळ्या जमिनीत दवबिंदू उगवत नाही, पण त्याचे माणसाने केलेले रूप तिथे काठीला टांगलेले असते: पिवळा चिकट सापळा. पांढरी माशी, तुडतुडे, मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात आणि गोंदात अडकतात. तिथेही पाय ओढला की तार निघते, तिथेही कीटक हळूहळू मरतो. गोंद कोण आले ते पाहत नाही, त्यामुळे मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपासारखे मित्रकीटकही अडकतात. तरी फवाऱ्याशी तुलना केली तर हा सापळा फार सौम्य. 2017 च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. किड्यांसाठी काढलेले विष चातुर्मासातच माणसांवर उलटले होते.

कृषी विद्यापीठांनी यासाठी एक मोजमाप दिलेले आहे, त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पानामागे दोन-तीन तुडतुड्यांपर्यंत औषध मारायचे नाही. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, तरच फवारणीचा विचार करायचा. त्याखाली असलेल्या किड्यांना पिकाचा थोडा वाटा खाऊ द्यायचा, तो तोटा सोसायचा. कागदावर हे पैशांचे गणित आहे. पण हातात पंप तयार असताना सकाळी वावरात जाऊन पाने उलटी करून तुडतुडे मोजणारा शेतकरी, मोजणी कमी भरली म्हणून पंप परत खोलीत ठेवतो, तेव्हा तो धर्मव्याध आणि बाबासाहेब ज्याबद्दल बोलत होते तेच करतो. मोजायला वेळ लागतो, आणि दुकानदार, शेजारी, पाऊस कोणीही तेवढा वेळ देत नाही. म्हणून बहुतेक वावरांत मोजणी न होता फवारा सुरू होतो. या भागातल्या विहारांत, कीर्तनांत आणि जैन स्थानकांत चातुर्मासाची प्रवचने चालतात, तेव्हा नेमका कपाशीच्या फवारणीचा हंगाम असतो. पान उलटून किडे कसे मोजायचे, हे त्या प्रवचनांतून सांगितले गेले पाहिजे.